पुढची घंटा ऐकू येईपर्यंत

तालके बोयेन्सनं एकदा जिवंत प्रोब्स्टला मारलं होतं. ही गोष्ट तिच्या तोंडावर सांगणारे लोक लुटेनझीलमध्ये अजून आहेत, आणि ती चिडते हे माहीत असल्यामुळे मुद्दाम सांगतात. बेकरीत ती शिरली की रांगेतलं कुणीतरी विचारणारच, "काय तालके, आज कुणाचा नंबर?" तीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "तुझाच लावते," म्हणायची, "आधी पाव तर घेऊ दे."

हा विनोद कळायचा तर हाक म्हणजे काय ते कळायला हवं, आणि हाक कळायची तर हारमवर्डचा परगणा. हल्ली तो राहिलेला नाही, त्यामुळे सांगणं भाग आहे.

परगणा चर्चचा, सरकारी नव्हे. सरकारं आमच्याकडे पुष्कळ आली. ड्यूक आले, डेन्मार्कवाले आले, प्रशियन आले, त्यांच्यामागून जे आले त्यांचं नाव जेवणाच्या टेबलावर कुणी काढत नाही. प्रत्येकानं आल्या आल्या नवा नकाशा काढला. चर्चचा परगणा मात्र होता तिथंच राहिला. पश्चिमेला आणि उत्तरेला समुद्राचा बांध, दक्षिणेला नदी, मधल्या खाजणात गावं आणि गावागणिक एक चर्च. हारमवर्डच्या मोठ्या चर्चचा पाळक सगळ्या पाळकांच्या वरचा, त्याला प्रोब्स्ट म्हणायचं. ड्यूकनं ल्यूथरची शिकवण पत्करली त्या पिढीत ही घडी बसली, आणि त्यानंतर पुरात गावंच्या गावं वाहून गेली तरी घडी मोडली नाही. नदीपलीकडच्यांचा परगणा वेगळा. तेही ल्यूथरचेच, पण ते गीतं घाईघाईनं उरकतात आणि केकचे तुकडे पातळ कापतात, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलं गेलं. ते आमच्याबद्दल काय शिकवत असतील ते आम्ही कधी विचारलं नाही.

तर हाक. प्रोब्स्ट वारला, पदावर असो की निवृत्त, की त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत हारमवर्डची मोठी घंटा एकटी वाजायची, सावकाश, दोन ठोक्यांमध्ये श्वास घेता येईल इतकी. ती लुटेनझीलला ऐकू यायची. मग लुटेनझीलची घंटा सुरू व्हायची, ती ओल्डेनकोगला ऐकू जायची, आणि अशी गावामागून गाव ती समुद्राच्या बांधापर्यंत पोचायची. कुणी निरोप्या पाठवायचा नाही, पुढं फोन आले तरी कुणी फोन करायचा नाही. नियम दोनच. मागची घंटा ऐकल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि पुढची ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही.

तालकेला हे नियम तिच्या सासऱ्यानं शिकवले. ती बांधाकडच्या एका शेतावरून लग्न होऊन आली, तेव्हा चर्च झाडणं, मेणबत्त्या लावणं आणि घंटा वाजवणं हे बोयेन्सांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम होतं. खरं तर ते तिच्या नवऱ्याकडे, मोमेकडे जायचं. पण मोमे समुद्राचं पाणी अडवणाऱ्या उघाडीवरच्या पंपांवर कामाला, आणि त्या पंपांनी त्याचे कान ऐन तारुण्यात निकामी केलेले. ज्याला मागची घंटा ऐकू येत नाही आणि पुढचीही नाही, तो हाक काय देणार? सासरा म्हणाला, "सूनबाईचे कान चांगले आहेत. मी गोठ्यात खोकलो तरी तिला स्वयंपाकघरात बसून कळतं." असं ते काम तिच्याकडे आलं.

लुटेनझीलची घंटा चर्चच्या माथ्यावर नाही. खाजणातली माती एवढं ओझं पेलत नाही, म्हणून अंगणात वेगळा लाकडी मनोरा आहे आणि घंटा त्यात टांगलेली आहे. सासरा तिला त्या मनोऱ्याच्या तुळईतला एक गंजका आकडा दाखवायचा. लढाईत घंटा उतरवून तोफांसाठी नेली तेव्हा त्या आकड्याला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, आणि नेमका तेव्हाच एक प्रोब्स्ट वारला. "मी घणानं रूळ बडवला," म्हातारा सांगायचा. "ओल्डेनकोगच्या लोकांनी नांगराचा फाळ बडवला. पुढं कुणी दुधाचे कॅन बडवले म्हणतात. देवाला काय वाटलं असेल कोण जाणे, पण हाक बांधापर्यंत गेली." हे तो पुन्हा पुन्हा सांगायचा, आणि ऐकून ऐकून तालकेला त्या दोन नियमांची भीतीच बसली.

म्हणूनच ते घडलं. सासरा जाऊन वर्ष उलटलं होतं. हारमवर्डच्या मोठ्या घंटेचा लोळा झिजला म्हणून नवा बसवला, आणि तो बसवणाऱ्या कारागिरानं एका बुधवारी दुपारी घंटा वाजवून पाहिली. एकटीच, सावकाश, कान देऊन. तालके अंगणात धुणं वाळत घालत होती. तिच्या हातातली उशीची खोळ तशीच चिखलात पडली. धावत जाऊन तिनं दोर धरला आणि ओल्डेनकोगची घंटा ऐकू येईपर्यंत सोडला नाही.

प्रोब्स्ट नाहमेन केटेल्स त्या वेळी नेमका ओल्डेनकोगच्या पाळकाकडे कॉफीला बसला होता. उंच, हाडं निघालेला, पदावर येऊन फार दिवस न झालेला माणूस. लुटेनझीलची घंटा सुरू झाली, पाठोपाठ खिडकीबाहेर ओल्डेनकोगची. त्यानं केकचा घास तोंडाशी थांबवून विचारलं, "कोण गेलं?"

यजमान पाळकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "साहेब," तो म्हणाला, "हिशेबानं तुम्हीच. आधीचे सगळे तर पूर्वीच गेलेत."

केटेल्सनं केक संपवला. मग दार उघडून पायरीवर उभा राहिला आणि हाक गावागावातून लांब लांब जात बांधापर्यंत पोचलेली ऐकली. तिन्हीसांजेला त्याची मोटार लुटेनझीलच्या चर्चपाशी थांबली. एव्हाना तालकेला सगळा प्रकार कळला होता. नोकरी गेली, अब्रू गेली, सासऱ्याचं नाव गेलं, असं धरूनच ती दारात उभी होती.

"तालकेबाई, मी मेलो ते तुमच्यामुळे असं ऐकलं," केटेल्स म्हणाला.

"हारमवर्डची ऐकली मी, साहेब. नियम आहे."

"नियमाबद्दल माझी तक्रार नाही. मेल्या माणसाला थंडी वाजते एवढंच सांगायला आलो. चहा आहे का?"

चहा होता, आणि त्यात घालायला मोमेची धान्याची दारूही होती. केटेल्स त्यांच्या स्वयंपाकघरात उशिरापर्यंत बसला. जाताना म्हणाला, "आमच्या आधीच्या एकाही प्रोब्स्टला स्वतःची हाक ऐकायला मिळालेली नाही. मला मिळाली. उपदेश करताना मला कधी कधी वाटतं, कुणी ऐकतंय का? आता निदान शंका नाही."

त्या दिवसापासून दर वर्षी त्या तारखेला तो चहाला यायचा. मोमेशी ओरडून बोलायचा, तालकेशी वाद घालायचा. चर्चला येणारी माणसं कमी होत होती, पाळक मिळत नव्हते, त्यामुळे वाद नेहमी तिथंच येऊन ठेपायचा. परगणे जोडायचे, नदीपलीकडच्यांबरोबर एक करायचे, असं वरच्या कचेरीत चाललं होतं. एका वर्षी तालकेनं त्याला सरळच विचारलं, "आपला परगणा बुडवणार का तुम्ही लोक?"

"मी असेपर्यंत नाही," केटेल्स म्हणाला. "हा घ्या माझा शब्द."

शब्द त्यानं दिला होता यात वाद नाही. मोमेनंसुद्धा तो ऐकला होता, म्हणजे पुरेसा मोठ्यानं दिला होता.

परगण्याच्या सभेत तालके गावाची प्रतिनिधी होती. बऱ्याच वर्षांनी त्या सभेत परगणे जोडण्याचा ठराव आला, आणि तो मांडायला दुसरं कुणी नाही, स्वतः केटेल्स उभा राहिला. तो चांगलं बोलला. अर्ध्या चर्चांना पाळक नाही म्हणाला, एकेक पाळक तीन तीन गावांतून धावतो आणि थडग्यापाशी माणसाचं नाव चुकतो म्हणाला. सगळं खरं होतं. हात वर होऊ लागले आणि तालकेला दिसलं की हे होणार. ती उठली. सभेत ती कधी बोलत नसे, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले.

"तुम्ही माझ्या टेबलाशी शब्द दिला होता," ती म्हणाली.

केटेल्स म्हणाला, "दिला होता."

"मग ऐका. तुम्ही जाल तेव्हा लुटेनझीलची घंटा वाजणार नाही."

हे ती रागात बोलली, पण मागाहून परत घेतलं नाही. आमच्या गावात बोललेलं परत घेण्याची पद्धत नाही, ही आमची खोड समजा नाहीतर गुण. आणि लुटेनझीलची घंटा नाही म्हणजे पुढच्या कुणाचीच नाही, कारण हारमवर्डची घंटा तेवढ्या एकाच गावाला ऐकू येते. सभेतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. केटेल्सनं मान डोलावली आणि मतदान पुढं चालू केलं.

असा आमचा परगणा संपला. समुद्रानं जे केलं नाही ते एका शनिवारी दुपारच्या जेवणाआधी हात वर करून झालं. नव्या परगण्याला दोन्हीकडची नावं जोडून दिली, लग्न झालेल्या शिक्षिकेला माहेरची-सासरची असतात तशी, आणि ते लांबलचक नाव आजतागायत कुणी पूर्ण उच्चारत नाही. केटेल्सनं पहिली काही वर्षं दोन्ही काठांचा कारभार पाहिला, मग निवृत्त झाला. चहाला यायचा बंद झाला तो सभेच्या दिवसापासूनच.

मग एकेक होत गेलं. हारमवर्डच्या घंटा संगणकावर गेल्या. त्या आता आपापल्या वेळी वाजतात, दोराला हात लावायला तिथं माणूस नाही. ओल्डेनकोगचं चर्च विकलं. त्यात एक कुंभारकाम करणारी बाई राहते, चांगली बाई आहे, पण घंटा उतरवून संग्रहालयाला दिलेली. नव्या परगण्यानं चर्चची देखभाल करणाऱ्या सगळ्यांची एक बैठक भरवली, तिथं तालकेच्या शेजारी नेमकी नदीपलीकडची गेस्के आली. तिचं सुडरफेअरचं चर्च लुटेनझीलच्या अगदी समोर, पाण्याच्या पलीकडे दिसतं. गेस्केनं विचारलं, "तुम्ही अजून दोर ओढता? आमच्याकडे बटण आहे. मी बटाटे सोलता सोलता वाजवते." तालके घरी येऊन मोमेला म्हणाली, "बटाटे सोलता सोलता! प्रार्थना काय भांडी घासता घासता करत असतील." तरी गेस्केचा नंबर तिनं घेतला होता, मेणबत्त्या एकत्र मागवल्या तर स्वस्त पडतात म्हणून.

केटेल्स गेला तो मार्च महिन्यात, एका स्वच्छ दिवशी, पहाटे, शहरातल्या इस्पितळात. बातमी घेऊन पाळकबाई इन्सा आल्या. वयानं लहान, सायकलवर फिरणाऱ्या, तीन गावं सांभाळणाऱ्या. तालकेला त्या आवडायच्या, पण तसं ती दाखवत नसे.

"हाकेचं मी ऐकलंय," इन्सा म्हणाल्या. "नव्या परगण्यात असा रिवाज नाही, तालकेबाई. म्हणजे मी वाजवा म्हणून सांगू शकत नाही. वाजवू नका असंही सांगणार नाही."

"हारमवर्डची वाजणार आहे?"

"संगणकाला कोण सांगणार?"

"मग प्रश्नच मिटला," तालके म्हणाली. "मागची ऐकल्याशिवाय सुरू करायचं नाही. नियम आहे."

प्रश्न खरोखरच मिटला होता. शपथ पाळली जात होती आणि दोषही लागत नव्हता, नियमच तिच्या बाजूनं उभा होता. इतकी सोय आयुष्यात फार कमी वेळा होते. तालकेनं भांडी घासली, मग घासलेली भांडी पुन्हा घासली. मोमे वर्तमानपत्राआडून बघत होता.

"जा ना भेटायला तिला," तो ओरडला. कानानं अधू माणसं घरातही ओरडूनच बोलतात.

"कुणाला?"

"त्याच्या बायकोला. तुझं काय ते भांडण त्याच्याशी होतं. आणि येताना काळा पाव आण."

हारमवर्डला केटेल्सांच्या घरी शेजारणी जमल्या होत्या, टेबलावर लोण्याचा केक आला होता. केटेल्सबाईंनी तालकेला पाहिलं आणि शेजारणींना स्वयंपाकघरात पाठवलं. त्या लहानखुऱ्या, तोंडानं फटकळ.

"मला वाटलं नव्हतं तुम्ही याल," त्या म्हणाल्या.

"मलाही नव्हतं."

"तुम्हाला ठाऊक आहे का, सभेनंतर त्यानं तुमच्या गावावरून मोटार नेली नाही? बांधाकडच्या रस्त्यानं वळसा घालायचा. पेट्रोल जाळायचा. मी म्हणायची, नाहमेन, तू दोन परगण्यांचा प्रोब्स्ट आणि एका घंटा वाजवणाऱ्या बाईला भितोस."

तालके खुर्चीवर टेकली. तिनं विचारलं, "ठराव मांडल्याचं वाईट वाटत होतं का त्यांना?"

"ठरावाचं? मुळीच नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मांडीन म्हणायचा. शब्द मोडल्याचं वाटायचं. मी किती वेळा म्हटलं, जा, माफी माग, चहा पिऊन ये. तर म्हणायचा, माफी मागितली की ती घंटा वाजवील, तिचं मन मोठं आहे. आणि मग ती माझ्या माफीसाठी वाजलेली असेल. तशी मला नको." केटेल्सबाईंनी रुमाल काढला, पण रडल्या नाहीत, नुसता धरून बसल्या. "गर्विष्ठ होता. तुम्हीही काही कमी नाही. मी तुमच्याकडे काही मागत नाही, तालकेबाई. केक खाऊन जा."

तालकेनं केक खाल्ला. परतीच्या वाटेवर तिला एकाच गोष्टीचा राग येत राहिला. या माणसानं माफी मागितली असती तर तिला नाही तरी म्हणता आलं असतं. आता नाही कुणाला म्हणायचं? शपथ पाळली तर ती कुणासमोर पाळली? ज्याच्यासमोर घेतली तो तर आपल्या वाट्याची शिक्षा मुकाट्यानं भोगून निघून गेला होता, एक तक्रार न करता. ती घरी पोचली तेव्हा ऊन कलत आलं होतं. काळा पाव आणायचा राहिला होता.

"मी वाजवणार," ती दारातूनच म्हणाली.

मोमेला एवढं बरोबर ऐकू आलं. "हारमवर्डची वाजली का?"

"नाही."

"मग मागची न ऐकताच?"

"हो."

मोमेनं चष्मा काढला. "बरं, सुरू केलीस. थांबणार कशी? ओल्डेनकोगला घंटा आहे कुठं?"

तालके उंबऱ्याशी थबकली. वाटेत तिनं सगळ्याचा विचार केला होता, याचा नव्हता. सुरुवातीचा नियम मोडायचं तिनं ठरवलं होतं, पण शेवटचा मोडणं तिला जमणारं नव्हतं. पुढची ऐकू आल्याशिवाय दोर सोडला तर ती हाकच नाही, नुसती घंटा.

"ते बघू," ती म्हणाली, आणि एप्रन बांधून चर्चच्या अंगणात गेली.

वारा उत्तरेचा होता. तिनं दोर धरला. सत्तरीच्या बाईला तो दोर आता जड जातो, पण घंटा एकदा झुलायला लागली की आपल्या वजनानं झुलते, फक्त तिच्या कलानं घ्यावं लागतं. पहिला ठोका पडला आणि समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. बेकरीवाला बाहेर येऊन उभा राहिला. हळूहळू आणखी माणसं कुंपणापाशी जमली. कुणी थट्टा केली नाही. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, आणि जे शेवटच्या हाकेनंतर जन्मले किंवा बाहेरून येऊन राहिले, त्यांना इतरांनी हळू आवाजात सांगितलं.

ती वाजवत राहिली. ओल्डेनकोगच्या दिशेनं काही येणार नव्हतं, तरी कान तिकडेच. दंड भरून आले, मग खांदे. एकानं पुढं होऊन म्हटलं, "तालके, मी घेतो थोडा वेळ." तिनं मान हलवून नको म्हटलं. पाळकबाई सायकल टाकून आत आल्या आणि म्हणाल्या, "तालकेबाई, पोचलं त्यांना. खरंच पोचलं. पुरे आता." तालके म्हणाली, "तुम्हाला काय माहीत," आणि लगेच तिला वाईट वाटलं, पण दोर काही सोडला नाही. ऊन बांधाला टेकत चाललं होतं. आपण सुरू करायलाच नको होतं असं तिला एकदा वाटलं. हा परगणा आता एका दोराच्या टोकाला उरलाय, आणि तो धरून मी एकटी उभी आहे, असंही वाटलं. त्या विचारानं तिचे हात जास्तच दुखू लागले.

तेवढ्यात मोमे मोबाइल पुढं धरून मनोऱ्यात शिरला. "हा मघापासून थरथरतोय," तो ओरडला. "त्या पलीकडच्या बटाटेवालीचं नाव दिसतंय."

"माझ्या कानाशी धर!"

मोमेनं फोन तिच्या कानाशी धरला आणि दोराबरोबर खाली-वर होणाऱ्या तिच्या डोक्यामागं हात खाली-वर करत राहिला.

"तालके?" गेस्केचा आवाज आला. "काय झालंय तिकडे? बांध फुटला की काय?"

"बांध शाबूत आहे. प्रोब्स्ट गेला."

"ते सकाळीच कळलं. पण तू केव्हाची वाजवतेस? आम्ही सगळी दारात उभी आहोत. दोर अडकला का?"

"अडकला नाही. थांबता येत नाही!"

"म्हणजे?"

"पुढच्या गावची ऐकू आल्याशिवाय थांबायचं नसतं. आणि पुढं कुणी उरलं नाही."

 मग गेस्के म्हणाली, "अगं, मग मी आहे की इथं. समोरच तर आहे."

"तू आमच्या परगण्यातली नाहीस."

"तुमचा परगणा आहे कुठं आता? काहीतरीच बोलतेस." गेस्केला राग आलेला कळत होता. "आणि शेवटची वर्षं तो माझा प्रोब्स्ट नव्हता? माझ्या आईला पुरायला कोण आलं होतं? भर वादळात, होडी बंद असताना वळसा घालून आला, आणि तिचं नाव नीट घेतलं, जन्मनावासकट. तुम्हीच तेवढ्या त्याच्या का? तुम्हाला तर त्याच्याशी बोलायचंही नव्हतं."

तालके दोर ओढत राहिली. फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा, चपला फटफटल्याचा आवाज आला. मग उत्तरेच्या वाऱ्याला न जुमानता, पाण्यावरून, सुडरफेअरची घंटा आली. बटणावरची, जरा घाईतली, पण मोठी घंटा, आणि एकटी. कुंपणापाशी उभे असलेले सगळे नदीकडे वळले. आमच्यातल्या कुणीही आजवर हाकेसाठी त्या दिशेला पाहिलेलं नव्हतं.

मोमे म्हणाला, "वाजतेय का? मला सांग, वाजतेय का?"

तालकेला रडू आलं आणि ती रडली, सगळ्यांसमोर, तोंड न लपवता. तिनं दोर सोडला. घंटा आणखी थोडी झुलून शांत झाली, तेव्हा पलीकडची अधिकच स्पष्ट ऐकू येऊ लागली.

"वाजतेय," तिनं मोमेच्या हातातून फोन घेतला. "गेस्के! ऐक. बंद करू नकोस. तुझ्यापुढचं गाव कोणतं?"

"ब्रेडेनहोर्न. का?"

"त्यांना फोन करायचा नाही. नुसतं वाजवत राहायचं, त्यांची ऐकू येईपर्यंत."

"त्यांना काय कळणार आहे? त्यांनी जन्मात असलं काही ऐकलेलं नाही," गेस्के म्हणाली. "आणि नाहीच आली तर?"

तालकेनं सोललेले हात एप्रनला पुसले.

"मलाही येणार नव्हती," ती म्हणाली.